कापूस ओला करण्याआधी

अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात थोडा वेळ उभं राहिलं, की गर्दीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘ही चित्रं एकदा स्वच्छ धुऊन का काढत नाहीत?’’ प्रश्न रास्त आहे. काही भिंती इतक्या पिवळट-काळपट झाल्यात की चेहरे शोधावे लागतात. जुन्या भित्तिचित्रांचं रसायनशास्त्र हा माझा धंदा. विद्यार्थ्यांना तिथे नेलं की मी त्यांनाच विचारते, धुवायचं, पण कशाने?

पहिलं उत्तर येतं, पाण्याने. युरोपातल्या अस्सल फ्रेस्कोला ते जपून चालतंही. तिथे रंग ओल्या चुन्यावर लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. अजिंठ्याचं प्रकरण वेगळं आहे. 1930च्या दशकात मद्रासच्या सरकारी संग्रहालयातले रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी इथले नमुने तपासले आणि दाखवून दिलं की ही चित्रं फ्रेस्को नाहीतच. रंग सुकलेल्या पृष्ठभागावर, सरसासारख्या चिकट पदार्थात कालवून लावलेत. त्याच्या खाली पांढरा पातळ थर, त्याखाली मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवत, काड्या, आणि सगळ्याच्या मागे बेसॉल्टचा कातळ. पाणी लागलं की सरस सुटणार, माती फुगणार.

दुसरं उत्तर बहुधा एखाद्या मुलीचं असतं: चिंच किंवा लिंबू. तांब्या-पितळेची भांडी उजळतात, मग भिंत का नाही? मला हे उत्तर फार आवडतं, कारण त्यातून निळ्या रंगाकडे जाता येतं. अजिंठ्याचे बहुतेक रंग जमिनीतून निघालेले आहेत. तांबडा गेरू आणि पिवळी माती म्हणजे लोहाची संयुगं, काळा काजळाचा, हिरवा हिरव्या मातीचा. ती हिरवी माती आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांतही सापडते. निळा मात्र लाजवर्द, आणि त्याची जुनी प्रसिद्ध खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शानात. या दगडाला निळेपण देणारं गंधक त्याच्या स्फटिकाच्या जाळीत कोंडलेलं असतं. आम्ल पडलं की जाळी मोडते, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि रंग उडतो. पंधराशे वर्षं टिकलेला निळा लिंबाच्या फोडीने संपेल.

म्हणून मला वाटतं, आमच्या शास्त्राचं निम्मं काम ‘नको’ म्हणण्याचं आहे. लोकांना यंत्रांचं कौतुक असतं, आणि यंत्रं आहेतही देखणी. हातात धरायच्या एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्राने भिंतीला ओरखडाही न पाडता लोह, कॅल्शियम अशी मूलद्रव्यं कळतात. पण लाजवर्दापुढे ते जवळजवळ आंधळं असतं, कारण त्यातले सोडियम, ॲल्युमिनियम यांसारखे हलके घटक त्याला नीट दिसत नाहीत. तिथे रामन वर्णपटमापी लागतो. लेझरचा ठिपका टाकायचा आणि परतलेल्या प्रकाशात 548 प्रति सेंटीमीटरच्या आसपास उंच शिखर आलं, की लाजवर्द नक्की. आधीच पडझड झालेल्या कडेवरून मोहरीहूनही लहान कण मिळाला, तर तो रेझिनमध्ये बसवून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. सगळे थर एकावर एक दिसतात.

आणि सगळ्यात वरचा थर बहुतेक वेळा चित्रकाराचा नसतोच.

1872 पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती करत होते. त्या काळात रंग खुलून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवरच व्हार्निश चढवलं गेलं. धूळ, धूर, वटवाघळांची घाण त्याखाली तशीच चिकटून राहिली. पुढे लेणी निजामाच्या राज्यात असताना 1920 ते 1922 मध्ये लोरेंझो चेकोनी आणि ओर्सिनी हे इटालियन जाणकार बोलावले गेले. त्यांनी सुटलेले पापुद्रे बसवले, पडझड थोपवली आणि रंग धरून राहावा म्हणून लाखेचा थर दिला. तीच चपडा लाख, जी सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला लावतात. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही; त्या वेळी त्याहून बरं फारसं हाताशी नव्हतं. पण लाख जुनी होते तशी पिवळी, मग तांबूस होते. तिच्याखालचा निळा हिरवट दिसतो, पांढरा मातकट. एखाद्या अभ्यासकाने वस्त्राचा रंग हिरवा लिहून ठेवला असेल, तर आधी लाजवर्दाचं शिखर येतं का ते पाहिलेलं बरं.

लाख ओळखणं त्यामानाने सोपं. अतिनील दिव्याखाली ती नारिंगी चमकते, आणि अवरक्त वर्णपटात तिची खूण नंतरच्या काळातल्या पीव्हीएसारख्या चिकटद्रव्यांपासून वेगळी पडते. दोन्ही गोष्टी भिंतीवर सारख्याच पिवळ्या दिसतात; त्यांना काढणारी द्रावणं मात्र वेगळी. सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यात मालक हार्डवेअरच्या दुकानातून बाटली घेऊनच आले. ‘‘ताई, थिनर आणलाय, एक हात मारून बघू या का?’’ गणपतीच्या चित्रावर कुणीतरी पूर्वी फर्निचरचं व्हार्निश फासलं होतं. मी बाटली घेतली, पलीकडच्या खोलीत ठेवली आणि आधी नमुना काढला. ते थोडे रुसले. नमुन्यात व्हार्निशखालचा तांबडा रंगही त्याच द्रावणात सुटताना दिसला, तेव्हा त्यांनी स्वतःच बाटली परत केली.

मातीचाही असाच शोध घ्यावा लागतो. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ मॅनेजर सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतू ताज्या भांगेशी ताडून पाहिले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथे कसरीसारख्या किडींनी गिलावा पोखरलाय. भांगेमुळे वेरूळ वाचलं, असा त्यांचा तर्क. तंतूंची ओळख मला पटते. कीड फक्त भांगेमुळेच दूर राहिली, हे मानायला मी थोडी थांबेन. दोन्हीकडची ओल, कातळ आणि वटवाघळांचा वावर सारखाच आहे असं आधी दाखवावं लागेल. दुरुस्तीची माती कालवताना मात्र ही माहिती आजच उपयोगी पडते. जुन्या गिलाव्याशी जुळेल अशीच माती, असेच तंतू घ्यायचे. सिमेंट घातलं तर ते कडक राहतं, क्षार सोडतं आणि शेजारची मऊ माती आधी तुटते.

तेव्हा धुवायचं कशाने, याचं उत्तर प्रत्येक हातभर भिंतीला वेगळं आहे. जिथे लाख निव्वळ वर बसलीय, तिथे नेमकं द्रावण थोडंथोडं देऊन, कापसाच्या बोळ्याने, सूक्ष्मदर्शकातून बघत ती उतरवता येते. बोळ्यावर पिवळा सोडून दुसरा कुठलाही रंग दिसला की हात तिथेच थांबवायचा. पण काही ठिकाणी मूळ सरस कधीच संपलाय आणि रंगाचे पापुद्रे आता फक्त लाखेच्या आधारावर उभे आहेत. तिथे आधी पापुद्र्याच्या मागे नवा आधार भरावा लागतो. तो भरता येत नसेल, तर मी लाख तशीच ठेवते, आणि पर्यटकांना चित्र पिवळंच दिसतं.