नेव्हिल डिसोझा आणि आमच्या पेठा

कोल्हापूरच्या फुटबॉलचा आढावा मागताना संपादकांना पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण, शाहू स्टेडियमची गच्च भरलेली गॅलरी आणि हुल्लडबाजीवर चार खडे बोल हवे असतात. खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, फुलेवाडी; कोणत्या तालीम-मंडळाचा संघ कसा, हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मला बोलायचंय नेव्हिल डिसोझाबद्दल. नेहमीसारखंच, म्हणाल. म्हणा.

जन्म 1932, बार्देशातल्या आसगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. हा गडी मात्र मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळला आणि भारताचा सेंटर फॉरवर्ड झाला. 1 डिसेंबर 1956, मेलबर्न ऑलिंपिक. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नेव्हिलनं तीन गोल ठोकले, चौथा किट्टूचा, सामना 4-2. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई.

आमच्याकडचे काही जाणकार यावर नाक मुरडतात. हंगेरी आलीच नाही, पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली, म्हणून भारत चौथा आला, असं त्यांचं म्हणणं. चाल मिळाली, खरंच. पण ऑस्ट्रेलियाला काय हंगेरीनं हरवलं? उपांत्य फेरीत युगोस्लाव्हिया होती. 1952 ला हेलसिंकीत याच संघानं आपल्याला 10-1 नं धुतलं होतं. चार वर्षांनी त्यांच्याविरुद्ध पहिला गोल भारताचा, नेव्हिलचा! पुढे 4-1 नं हरलो, कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानंही 3-0 नं हरवलं. तरी चार गोलांसह तो स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत राहिला. यात प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या डोक्याचा वाटा मोठा, पण चेंडू जाळ्यात घालायला शेवटी पाय लागतो.

1980 मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, तो मुंबईत वारला. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स. मुंबईच्या त्या कंपनी संघांचा जमानाही पुढे आटोपला. महिंद्रानं 2010 मध्ये गाशा गुंडाळला.

आमच्या तालमींनी खेळाडूला जीव लावला, जिंकल्यावर गुलालात न्हाऊ घातलं. कंपन्यांसारखा महिन्याचा पगार देणं मात्र त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून पेठेतला चांगला गडी ऐन उमेदीत दुकानात नाहीतर रानात गेला. विश्वचषक आला की चौकात मेस्सी, रोनाल्डो, नेमारचे कटआउट इमारतीएवढे उभे राहतात. नेव्हिलची साधी तसबीर एकाही तालमीत मला दिसलेली नाही.

2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा वाटलं होतं की आता पेठापेठांतून फॉरवर्ड निघतील. निघाले काय, तर बाहेरून पैसे मोजून आणलेले खेळाडू. परदेशीसुद्धा! चषक आला, मिरवणूक झाली, आणि पेठेतलं अठरा वर्षांचं पोरगं बेंचवर ट्रॅकसूट घालून बसलेलं. त्याला सलग एक हंगाम पुढे खेळवा, हरलात तरी चालेल, असं मी दरवर्षी सांगतो. पदाधिकारी मान डोलावतात आणि पुढच्या सामन्याचे पास हातात देतात.