नकाशेवाल्याचा ओव्हरटाइम

नोकरी नॅशनल पार्कांचे नकाशे बनवण्याची. पण टॉम पॅटरसन यांनी ऑफिसच्या चौकटीबाहेर जे केलं, त्याची दखल थेट एका खंडाने घेतली!

एक सोपी टेस्ट. डोळे मिटा आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. आता सांगा, मोठं कोण? भारत की ग्रीनलंड? मी ओळखीतल्या आठ-दहा जणांना विचारलं. बहुतेकांचं उत्तर : 'ऑफकोर्स ग्रीनलंड!'

सॉरी बॉस, साफ चूक. ग्रीनलंड सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आणि भारत जवळपास ३२ लाख ८७ हजार. म्हणजे आपण दीडपट मोठे! आफ्रिका तर ग्रीनलंडच्या चौदापट.

हा गोंधळ मर्केटरच्या नकाशाचा. १५६९ साली तो खलाशांसाठी काढला गेला. एकच दिशा धरून जहाज हाकलं, तर नकाशावर तो मार्ग सरळ रेषेत दिसतो, ही त्याची खासियत. पण त्यासाठी ध्रुवांकडचा भाग ताणावा लागतो. खलाशांचं काम झालं, आपल्या डोक्यात मात्र जग वेडंवाकडं बसलं.

आता पॅटरसन यांच्याकडे वळू या. ते अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसमध्ये कार्टोग्राफर होते. वेस्ट व्हर्जिनियात हार्पर्स फेरी नावाचं एक चिमुकलं गाव आहे, तिथे त्यांचं ऑफिस. योसेमिटी किंवा ग्रँड कॅन्यनला गेलेल्या तुमच्या एनआरआय भावंडांना विचारा. वर काळी पट्टी असलेलं घडीचं माहितीपत्रक तिथे हातात पडतं. त्यातले नकाशे या ऑफिसात तयार होतात.

पॅटरसन यांची स्पेशालिटी म्हणजे डोंगरांचं शेडिंग. यातली एक गंमत ऐका. नकाशात उजेड बहुधा डावीकडून वरून, म्हणजे वायव्येकडून येतो. तोच खालून दाखवला, तर अनेकांना डोंगर दरीसारखे आणि दऱ्या डोंगरासारख्या दिसू लागतात! हाइनरिश बेरान या ऑस्ट्रियन चित्रकाराने पार्क सर्व्हिससाठी हाताने अप्रतिम पॅनोरमा रंगवले होते. पॅटरसन यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला, ती नजाकत कॉम्प्युटरवर कशी आणायची हे शोधलं आणि सगळ्या ट्रिक्स लिहून जगाला वाटून टाकल्या.

वाटून टाकणं हाच या माणसाचा खरा छंद. २००९ मध्ये नॅथनिएल केल्सो या सहकाऱ्यासोबत आणि अनेक स्वयंसेवकांच्या मदतीने त्यांनी 'नॅचरल अर्थ' सुरू केलं. किनारे, नद्या, शहरं, सीमा... जगाचा नकाशा काढायला लागणारा कच्चा माल, पूर्ण फुकट. परवानगी नको, नाव द्यायची सक्तीही नाही.

मग २०१७ मध्ये बोस्टनच्या सरकारी शाळांनी मर्केटरऐवजी गॉल-पीटर्स नकाशा आणला. त्यात देशांची क्षेत्रफळं बरोबर, पण आफ्रिका ओल्या कपड्यासारखी खाली लोंबलेली. आकारमान खरं आणि रूपही देखणं, असं जमेल का? पॅटरसन, बोयान शावरिच आणि बर्नहार्ड येन्नी या तिघांनी २०१८ मध्ये उत्तर दिलं, 'इक्वल अर्थ'. त्यात प्रत्येक देश त्याच्या खऱ्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात दिसतो, तरी कुणाचं रूप फार बिघडत नाही.

त्याच वर्षी पॅटरसन रिटायर झाले. नकाशा मात्र कामाला लागला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटर हटवून 'इक्वल अर्थ'सारखे नकाशे आणण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. पिढ्यान्‌पिढ्या आपला खंड आक्रसलेला पाहणाऱ्यांसाठी हा नुसता भूमितीचा प्रश्न नाही, स्वाभिमानाचाही आहे.

मी फ्रीलान्सर, शब्दामागे पैसे मोजणारा. त्यामुळे हे फुकट वाटणं मला आधी झेपेना. आपल्याकडे 'साइड प्रोजेक्ट' म्हटलं की डोळ्यांसमोर स्टार्टअप किंवा जास्तीची कमाई येते. पॅटरसन यांनी वेगळं काही शोधलंच नाही. ऑफिसात जे उत्तम येत होतं, तेच बाहेर क्लायंटशिवाय, बॉसशिवाय केलं. एक्सेल, कोडिंग, डिझाइन... तुम्हालाही काहीतरी येतंच ना?

सुरुवात सोपी आहे. 'इक्वल अर्थ'चा भिंतीवरचा नकाशा नेटवर मोफत मिळतो. कोपऱ्यावरच्या प्रिंटवाल्याकडून मोठा छापून घ्या, डेस्कमागे चिकटवा. येणारा-जाणारा विचारेलच, 'अरे, आफ्रिका एवढी मोठी?' मग चहा घेता घेता सांगा सगळी स्टोरी.