तेलरोधक, मोटारगाडीच्या एंजिनातील
एंजिनाच्या बंद पेटीतून बाहेर येणाऱ्या फिरत्या दंडाभोवती बसविलेल्या व आतील वंगण तेल बाहेर पडू न देणाऱ्या कड्यास तेलरोधक म्हणतात. दुरुस्तीच्या कारखान्यांत तो ‘ऑइल सील’ या नावानेच ओळखला जातो. असे रोधक मुख्यतः भुजादंडाच्या म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांशी आणि कॅमदंडाच्या टोकाशी असतात. पुढील रोधक पट्ट्याच्या कप्पीमागे असल्याने त्यापर्यंत पोहोचणे तुलनेने सोपे असते. मागील रोधक मात्र प्रचक्राच्या (फिरत्या जड चाकाच्या) आड असतो व तो बदलण्यासाठी दंतचक्र पेटी, क्लच आणि प्रचक्र ही सर्व उतरवावी लागतात. कडे स्वस्त असते. खर्च होतो तो मजुरीवर. त्यामुळे जुनी स्पोर्ट्‌स मोटारगाडी विकत घेताना जमिनीवर दिसणारा तेलाचा डाग नेमका कोठून आला, या प्रश्नावर सौदा अनेकदा अडतो. या गाड्या वर्षातील बराच काळ उभ्या असतात आणि चालविल्या तेव्हा जास्त वेगाने चालविल्या जातात. या दोन्ही गोष्टी रोधकास मानवत नाहीत.

रचना व कार्य : आधुनिक रोधकात पोलादी कड्यावर कृत्रिम रबर पक्के बसविलेले असते. रबराच्या आतील कडेस पातळ ओठ काढलेला असून त्याभोवतीची बारीक तारेची वर्तुळाकार स्प्रिंग तो ओठ दंडावर दाबून धरते. दंड फिरू लागला की, ओठ व दंड यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि ओठ त्या थरावर घसरतो. ओठाचा तेलाकडील उतार उभा व हवेकडील उतार निरुंद कोनाचा ठेवलेला असतो. या असमानतेमुळे आणि ओठाच्या पृष्ठावरील सूक्ष्म खडबडीतपणामुळे थरातील तेल सतत आत ढकलले जाते. म्हणजे चांगला रोधक हे नुसते बूच नसून एक दुर्बल पंपच होय. रोधक उलटा बसविल्यास तो तेल बाहेर का फेकतो, हे यावरून स्पष्ट होते.

या ओठावर पडणारा ताण बराच असतो. दंडाचा व्यास ८० मिमी. धरला, तर मिनिटाला ७,००० फेऱ्या होत असताना त्याचा पृष्ठभाग ओठाखालून सेकंदाला सुमारे २९ मी. वेगाने सरकतो. घर्षणाने ओठाचे तापमान तेलाच्या तापमानाहूनही अधिक होते. साधे नायट्राइल रबर सतत सुमारे १००° से. पर्यंतच टिकते, त्यापलीकडे ते कडक होऊन तडकते. म्हणून मागील रोधकासाठी फ्ल्युओरिनयुक्त रबर व अलीकडे पीटीएफई हे प्लॅस्टिक वापरतात. ही रबरे येण्यापूर्वी चामड्याचे रोधक प्रचारात होते. जर्मनीतील वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग या चामडे कमावणाऱ्या पेढीने १९२९ पासून असे रोधक तयार केले व १९३६ मध्ये ती कृत्रिम रबराकडे वळली.

ओठ नसलेल्या जुन्या रचना : सर्वच जुन्या गाड्यांत असा ओठ असतो, असे मात्र नाही. एमजीबी या ब्रिटिश गाडीचे उत्पादन १९६२ ते १९८० या काळात झाले. तिच्या सुरुवातीच्या, तीन मुख्य धारव्यांच्या एंजिनात मागील टोकाशी स्पर्श करणारा रोधक नव्हता. दंडावर कापलेली मळसूत्री खोबण तेल आत लोटीत असे. दंड फिरत असेपर्यंतच हे घडते. गाडी उतारावर उभी केली की थोडे तेल पाझरणारच. १९६४ मध्ये आलेल्या पाच धारव्यांच्या एंजिनास ओठाचा रोधक मिळाला. जॅग्वार ई-टाइपच्या ४·२ लि. एंजिनात मागे दोराचा रोधक असे. तेव्हा ‘या गाड्या गळतातच’ हे विक्रेत्याचे पालुपद पहिल्या प्रकारच्या एंजिनापुरते बरेचसे खरे आहे. ओठाचा रोधक असलेल्या एंजिनाच्या बाबतीत ते मान्य करण्याचे कारण नाही.

गळतीचे निदान : बाहेर पडलेले तेल गुरुत्वाकर्षणाने खाली आणि गाडी चालत असताना वाऱ्याने मागे जाते. त्यामुळे एंजिनाच्या वरच्या भागातील गळतीही शेवटी एंजिन व दंतचक्र पेटी यांच्या सांध्याखालीच ठिबकते आणि दोष मागील रोधकावर येतो. याचे उत्तम उदाहरण माझ्दा एमएक्स-५ या जपानी गाडीच्या १९८९ ते १९९७ या काळातील पहिल्या पिढीत आढळते. या गाडीच्या सिलिंडर शीर्षाच्या मागच्या अंगाला कॅमदंडाचा कोन मोजणारा संवेदक असून त्याभोवती एक लहान रबरी कडे असते. उष्णतेने हे कडे कडक झाले की, तेल एंजिनाच्या पाठीवरून ओघळत थेट क्लचच्या आवरणावर उतरते. ते बदलण्यास एक बोल्ट सैल करून संवेदक बाहेर काढावा लागतो. ठिणगीची वेळ याच संवेदकावर अवलंबून असल्याने त्याच्या मूळ स्थितीची खूण आधी करून ठेवतात. हे न तपासता दंतचक्र पेटी उतरविली, तर एवढा खर्च होऊनही डाग तसाच राहतो. झडपांच्या झाकणाखालील गॅस्केटही असाच चकवा देते.

म्हणून सर्वप्रथम एंजिन बाहेरून स्वच्छ धुऊन कोरडे करतात, संशयित सांध्यांवर पांढरी बुकटी भुरभुरतात आणि गाडी थोडी चालवून बुकटी प्रथम कोठे भिजली ते पाहतात. तेलात प्रकाशमान रंजक मिसळून जंबुपार दिव्याखाली पाहण्याची रीत अधिक अचूक आहे. क्लचच्या आवरणातून येणारे तेल दंतचक्र पेटीच्या पुढील रोधकातूनही येऊ शकते. दंतचक्रांच्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो व एंजिनाचे वापरलेले तेल काळे असते, यावरून फरक कळतो. क्लच घसरू लागला असेल, तर तेल घर्षण तबकडीपर्यंत पोहोचले असण्याची शक्यता असते.

रोधक गळतो हे ठरल्यावरही तो का गळतो, हा प्रश्न उरतो. दट्ट्यांच्या कड्यांमधून निसटणारे वायू एंजिनाच्या पेटीत येतात व एका झडपेवाटे पुन्हा अंतर्ग्रहण नळीत शोषले जातात. ही झडप किंवा तिची नळी काजळीने तुंबली की पेटीतील दाब वाढतो आणि तेल ओठाखालून बाहेर रेटले जाते. अशा एंजिनात नवा रोधकही फार टिकत नाही. झडप स्वस्त असून काही मिनिटांत बदलता येते. ती प्रथम न पाहणे ही या कामातील सर्वांत महाग चूक होय. झिजलेल्या एंजिनात वायूच इतके निसटतात की, त्यापुढे झडपेचाही इलाज चालत नाही.

दुरुस्ती : जुना रोधक काढताना दंडावर ओरखडा पडू देत नाहीत, कारण बारीक ओरखडाही तेलाला वाट देतो. वर्षानुवर्षे एकाच जागी घासून ओठाने दंडावर खाच पाडलेली असते. नखाला ती लागत असेल, तर रोधक किंचित पुढेमागे बसवितात किंवा दंडावर पातळ पोलादी बाही चढवितात. रबरी ओठाला बसविण्यापूर्वी तेल लावतात. पीटीएफईचा ओठ बहुधा कोरडाच बसवावयाचा असतो. ही दोन्ही कामे एकाच सवयीने करणाऱ्या कारागिराकडून येथे चूक होते. कडे सर्व बाजूंनी सारखे आत गेले पाहिजे. तिरपे बसल्यास ओठ एका बाजूस उघडा राहतो. दंतचक्र पेटी उतरलेलीच असल्याने क्लचही त्याच वेळी तपासतात. पुढचे रोधक दातेरी पट्टा बदलताना बदलणे सोयीचे असते.

तेलात मिसळावयाची गळतीरोधक द्रव्ये रबर फुगवून मऊ करतात. कडक झालेल्या ओठाला त्यांचा काही काळ उपयोग होतो, फाटलेल्या ओठाला होत नाही. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीचा कोरडा पडलेला ओठ काहीशे किमी. चालविल्यावर आपोआप सावरतो, असाही अनुभव आहे. म्हणून नुकत्याच बाहेर काढलेल्या गाडीचे काम घाईने हाती घेत नाहीत. नुसता ओलसरपणा असेल, तेलाची पातळी टिकत असेल आणि क्लच कोरडा असेल, तर क्लच बदलण्याच्या वेळेपर्यंत थांबणे योग्य ठरते. थेंब निष्कास नळीवर पडत असल्यास मात्र आगीचा धोका असल्याने थांबता येत नाही. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून पर्यावरणास हानी पोहोचविण्याजोगी अतिरिक्त द्रवगळती हे गाडी वार्षिक तपासणीत नापास होण्याचे एक कारण ठरविण्यात आले आहे.