सामायिक टॅबलेट आणि कुकीज

महाविद्यालयीन विद्यार्थी शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात एकच टॅबलेट भावंडे व मित्र पाळीपाळीने वापरतात. कुकीजचा प्रश्न तेथेच उद्भवतो.

कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. १९९४ साली नेटस्केप कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी ती योजली. आम्हा बँकेतल्या माणसांना ती जुन्या पितळी बिल्ल्यासारखी वाटते. बिल्ला पुढे केला की रोखपाल पैसे मोजून देई. तो दुसऱ्याच्या हाती पडला तर? म्हणून काम संपताच प्रथम लॉगआउट करावे. ब्राउझर नुसता बंद करणे पुरेसे नव्हे.

त्यानंतर क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर बोट ठेवून ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’ उघडावे. तेथे कालावधी थोड्या मिनिटांचाच निवडलेला असू शकतो. तो ‘ऑल टाइम’ करावा, ‘कुकीज अँड साइट डेटा’वर खूण करून पुसावे. आयपॅडवर ही सोय सेटिंग्जमधील सफारीत आहे. मात्र यामुळे इतरांचीही लॉगिन जातात, तेव्हा भावंडांना विचारूनच पुसावे. अर्ज अर्धवट असल्यास आधी सेव्ह करावा.

एवढ्याने सारे पुसले जात नाही. डाउनलोड केलेले जातीचे व उत्पन्नाचे दाखले, आधारची प्रत ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच राहते, ती वेगळी काढावी लागते. ब्राउझरने साठवलेला पासवर्डही तसाच राहतो. दुसऱ्याच्या टॅबलेटवर ‘पासवर्ड सेव्ह करायचा का’ असे विचारले, तर सरळ नाही म्हणावे.