कॅरीबॅगपासून वंगण

प्रयोग : अमेरिकेतील आर्गॉन व एम्स या राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये पॉलिथिनपासून वंगणयोग्य द्रव बनवण्याची रीत प्रसिद्ध केली. चाचणीत साधी कॅरीबॅगही वापरली होती.

उत्प्रेरक : स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचे अतिसूक्ष्म ठोकळे आणि त्यांवर जेमतेम २ नॅनोमीटरचे प्लॅटिनमचे कण.

कृती : बंद पात्र, ३०० अंश सेल्सिअस तापमान, हवेच्या सुमारे १२ पट दाबाचा हायड्रोजन आणि ९६ तास. द्रावकाची गरज नाही.

आत काय घडते : पॉलिथिनची लांबलचक कार्बन साखळी प्लॅटिनमला चिकटून तुटते, तुटलेल्या टोकांना हायड्रोजन जोडला जातो. लांब साखळ्या अधिक घट्ट चिकटतात, म्हणून पुन्हा पुन्हा त्याच कापल्या जातात. शेवटी जवळपास सारख्या लांबीचे तुकडे उरतात. उत्तम वंगणाला हेच लागते.

फरक : हवेविना नुसते तापवले, तर वायू, तेल, मेण आणि काजळी यांची सरमिसळ हाती येते.

अडचण : प्लॅटिनम महाग आहे आणि कचऱ्यात मिसळलेल्या पीव्हीसीतील क्लोरीन उत्प्रेरकाला मारक ठरतो. त्यामुळे प्लॅस्टिक वेगवेगळे करून देणे ही या प्रक्रियेची पहिली पायरी आहे, आणि ती आपल्याच हाती आहे.