विद्यापीठनगरीचा कारभार : ॲन आर्बर नगरपरिषदेचे काही निर्णय

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या आग्नेय भागात, ह्यूरॉन नदीच्या काठी ॲन आर्बर हे शहर वसले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या १,२३,८५१ होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम आकाराच्या जिल्ह्याच्या ठिकाणाएवढी. शहराची स्थापना १८२४ ची. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८३७ मध्ये, मिशिगन विद्यापीठ डेट्रॉइटहून येथे आले आणि तेव्हापासून शहराचा व विद्यापीठाचा संसार एकत्र चालू आहे. आज या विद्यापीठात पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. विद्यापीठाच्या फुटबॉल क्रीडांगणाची आसनसंख्या १,०७,६०१ आहे. सामन्याच्या दिवशी जवळजवळ सगळे शहर त्यात सामावू शकेल, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

अशा शहराचा कारभार चालविणे दिसते तितके सोपे नाही. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे घरमालक व कुटुंबे, तर दुसरीकडे चार वर्षांसाठी येऊन निघून जाणारा तरुण समाज. रस्ते, पाणी, अग्निशमन या सेवा दोघांनाही लागतात. मात्र त्यांचा खर्च कोणी सोसावा आणि निर्णय कोणी घ्यावे, या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी येतात. गेल्या काही वर्षांत ॲन आर्बर नगरपरिषदेने व तेथील मतदारांनी घेतलेले निर्णय या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. महाराष्ट्रातही शिक्षणसंस्थांच्या भोवती वाढलेली गावे व शहरे थोडी नाहीत.

ज्यावर कर नाही अशी मिळकत

नगरपरिषदेच्या उत्पन्नाचा मुख्य आधार मिळकतकर हा आहे. पण शहरातील सर्वांत मोठा मिळकतदार जो विद्यापीठ, तो हा कर देत नाही. ते राज्याचे विद्यापीठ असून १८५० च्या राज्यघटनेपासून त्याच्या नियामक मंडळाला स्वतंत्र घटनात्मक स्थान लाभले आहे. त्यामुळे नगरपरिषदेचे बांधकामविषयक नियमही विद्यापीठाच्या जमिनीला लागू होत नाहीत. भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २८५ अन्वये केंद्र सरकारच्या मिळकतींना राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या करांतून सूट आहे, आणि ज्या शहरांत अशा मिळकती मोठ्या प्रमाणावर आहेत, तेथील नगरसेवकांना ही अडचण चांगली परिचित आहे.

विद्यापीठ वाढू लागले की अडचणही वाढते. शहराच्या दक्षिण भागातील एका छपाई कारखान्याची जागा २०१४ मध्ये विक्रीस निघाली. ती प्रथम खरेदी करण्याचा हक्क नगरपरिषदेला होता. परंतु परिषदेने तो वापरला नाही आणि विद्यापीठाने ती जागा सुमारे १ कोटी २८ लाख डॉलरना घेतली. जागा विद्यापीठाकडे जाताच तिच्यावरील मिळकतकर थांबला. शासकीय इमारती असलेल्या गावांना अग्निशमन सेवेच्या खर्चापोटी राज्याकडून काही अनुदान देण्याची तरतूद मिशिगनमध्ये १९७७ च्या कायद्याने केली आहे. तथापि, गमावलेल्या कराची भरपाई व्हावी हा त्या अनुदानाचा हेतू नाही.

उरलेल्या घरमालकांवर कर वाढवावा म्हटले, तर तेही परिषदेच्या एकट्याच्या हाती नाही. १९७८ मधील घटनादुरुस्तीनुसार मंजूर मर्यादेपलीकडे स्थानिक कर बसविण्यास मतदारांची संमती घ्यावी लागते. म्हणून तेथे प्रत्येक मोठ्या योजनेचा कर मतपत्रिकेवर येतो. कराचे माप ‘मिल’ या एककात सांगतात. करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरवर एक डॉलर म्हणजे एक मिल. करपात्र मूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक धरता येत नाही. याचा अर्थ असा की, चार लाख डॉलर किमतीच्या घरावर एक मिल कर बसला तर मालकाला वर्षाला फार तर दोनशे डॉलर भरावे लागतात. शिवाय घर विकले जाईपर्यंत हे मूल्य वर्षाला महागाईच्या दराइतके किंवा पाच टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढेच वाढविता येते. जुना रहिवासी कमी कर भरतो व शेजारचे तसेच घर नव्याने घेणारा पुष्कळ अधिक भरतो, हा या पद्धतीचा एक विचित्र परिणाम आहे.

इतके असूनही ॲन आर्बरच्या मतदारांनी स्वतःवर कर बसवून घेण्यात हात आखडता घेतलेला नाही. शहराभोवतीची शेतजमीन व मोकळी जागा राखण्यासाठी २००३ मध्ये अर्ध्या मिलचा कर तीस वर्षांकरिता मंजूर झाला. या निधीतून शेतकऱ्याची जमीन विकत घेण्याऐवजी अनेक ठिकाणी केवळ त्या जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क विकत घेतला जातो, आणि शेती त्याच्याकडेच राहते. परवडणाऱ्या घरांसाठी २०२० मध्ये एक मिल, तर हवामान व ऊर्जा कार्यक्रमासाठी २०२२ मध्ये आणखी एक मिल, असे दोन कर प्रत्येकी वीस वर्षांकरिता मान्य करण्यात आले.

भाडेकरू विद्यार्थी

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न घराचा. विद्यापीठाची वसतिगृहे सर्वांना पुरत नाहीत. बरेचसे विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर खासगी घरांत भाड्याने राहतात. भाडेकरार बहुधा ऑगस्टअखेर संपतात व तेव्हाच नवे सुरू होतात. घरांची टंचाई असल्याने एक विलक्षण प्रथा पडली. सप्टेंबरात राहावयास आलेल्या विद्यार्थ्याला, सामान लावून होते न होते तोच, पुढील वर्षाच्या कराराविषयी विचारणा होऊ लागे. सोबती कोण असतील, अभ्यासक्रम कोठवर गेला असेल, घर राहण्यास कसे आहे, यांपैकी काहीही ठाऊक नसताना जवळजवळ वर्षभर आधी सही करावयाची! न केल्यास घर हातचे जाईल ही भीती.

याला आळा घालण्यासाठी २००६ मध्ये पहिला उपविधी झाला. त्यातील प्रतीक्षेची मुदत फारच थोडी होती. २०२१ मध्ये परिषदेने तो बदलून असा नियम केला की, चालू करार संपण्यास १५० दिवस उरेपर्यंत घरमालकाने ते घर दुसऱ्याला दाखवू नये किंवा त्याच्याशी करार करू नये. ऑगस्टअखेर संपणाऱ्या करारासाठी ही तारीख मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीस येते. विद्यार्थ्याला निदान एक सत्र तरी निवांत मिळावे, हा त्यामागील विचार.

नियम झाला की त्यातील वाटाही शोधल्या जातात. काही घरमालकांनी प्रतीक्षायादीत नाव घालण्यासाठी पैसे घेण्यास सुरुवात केली. करार नाही, पण अडकवणूक तीच. पुढे परिषदेने अशा आगाऊ शुल्कांवरही निर्बंध घातले. दरम्यान २०२२ मध्ये नूतनीकरणाच्या हक्काचा उपविधी झाला. मुदत संपण्यापूर्वी १८० दिवस घरमालकाने चालू भाडेकरूला नव्या कराराचा प्रामाणिक प्रस्ताव द्यावा. योग्य कारणाशिवाय तो न दिल्यास स्थलांतराच्या खर्चापोटी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम द्यावी, असे त्यात म्हटले आहे.

भाड्याची कमाल मर्यादाच का ठरवून दिली नाही, असा प्रश्न येथे उद्भवतो. भाडे नियंत्रणाची दीर्घ परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात तर तो येणारच. याचे उत्तर राज्याच्या कायद्यात आहे. मिशिगनमध्ये १९८८ पासून स्थानिक संस्थांना भाडे नियंत्रण करण्यास मनाई आहे. नगरपरिषदेला म्हणून भाड्याला हात न लावता कराराची वेळ, शुल्क व नूतनीकरण एवढ्याच बाबी हाताळता येतात. वरच्या सरकारने मुख्य अधिकार राखून ठेवला की खालच्या संस्थेला अशी कडेकडेने वाट काढावी लागते.

राहिला पुरवठ्याचा मार्ग. मोठ्या बसमार्गांलगत उंच व मिश्र वापराच्या इमारतींना परवानगी देणारा नवा वर्ग परिषदेने २०२१ मध्ये बांधकाम नियमांत निर्माण केला. प्रत्येक इमारतीने ठरावीक मोटारींची जागा राखलीच पाहिजे ही सक्ती २०२२ मध्ये सबंध शहरातून काढून टाकली. वाहनतळाचा खर्च शेवटी घराच्या भाड्यातच येतो व तो मोटार नसलेल्या विद्यार्थ्यालाही भरावा लागतो, हा यामागील युक्तिवाद बिनतोड वाटतो. २०२५ मध्ये चर्चेला आलेल्या शहर आराखड्याच्या मसुद्यावर मात्र बराच वाद झाला. एकेका कुटुंबाच्या बैठ्या घरांच्या वस्तीत अधिक घरे बांधू द्यावीत की नाही, यावर जुन्या रहिवाशांत तीव्र मतभेद आहेत. ज्याने आयुष्यभराची पुंजी आपल्या घरात गुंतविली त्याला शेजारी तीन मजली इमारत नको वाटणे साहजिक आहे. पण ज्याला घरच मिळत नाही, त्याचीही बाजू दुर्लक्षिण्यासारखी नाही.

वीज आणि हवामान

नोव्हेंबर २०१९ मध्ये परिषदेने हवामान आणीबाणी घोषित केली व जून २०२० मध्ये, २०३० पर्यंत सर्व शहराचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याची योजना स्वीकारली. उद्दिष्ट धाडसी खरेच, पण मुदत फार जवळची आहे. फेब्रुवारी २०२३ मधील हिमवादळाने तारा तुटून या भागातील असंख्य घरे कित्येक दिवस अंधारात राहिली आणि विजेचा प्रश्न घरोघर चर्चिला जाऊ लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने शहराची स्वतःची शाश्वत ऊर्जा संस्था स्थापन करण्यास मान्यता दिली.

ही संस्था सध्याच्या खासगी वीज कंपनीचे खांब व तारा ताब्यात घेणार नाही. ज्याची इच्छा असेल त्याच्या छपरावर सौर पट्ट्या व घरात विद्युतघट बसवावेत, त्यांची मालकी संस्थेकडे असावी आणि रहिवाशाने तिच्याकडून वीज घ्यावी, असे तिचे स्वरूप आहे. जमिनीखालील उष्णतेचा वापर सामायिक नळांद्वारे अनेक घरांसाठी करण्याचाही विचार आहे. हे पुरेसे नाही, सर्व वीजवितरणच सार्वजनिक करावे, असे म्हणणारा एक गट शहरात आहे. एवढा भांडवली खर्च झेपेल काय, असे विचारणारेही आहेत.

याच काळात इतरही काही निर्णय झाले. सर्व सार्वजनिक स्वच्छतागृहांत मासिक पाळीची साधने विनामूल्य ठेवण्याची सक्ती करणारे ॲन आर्बर हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. हा उपविधी नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. किरकोळ दोषांसाठी पोलिसांनी मोटारी अडवू नयेत असा नियम २०२३ मध्ये करण्यात आला.

मत कोणाचे?

नगरपरिषदेत महापौर व पाच प्रभागांतून प्रत्येकी दोन असे एकूण अकरा सदस्य असतात. प्रभागरचनेची एक खुबी सांगण्याजोगी आहे. शहराच्या सनदेनुसार प्रत्येक प्रभाग गोल भाकरीच्या तुकड्यासारखा असावा व त्याचे टोक शहराच्या मध्याजवळ यावे. प्रत्येक सदस्याला मध्यवस्ती व बाहेरची वस्ती या दोहोंची काळजी असावी, ही कल्पना चांगली आहे. परंतु विद्यार्थ्यांची वस्ती विद्यापीठाभोवती, म्हणजे मध्यभागीच, दाटलेली असल्याने ती अनेक प्रभागांत विभागली जाते आणि कोठेही तिचे सहजासहजी बहुमत होत नाही.

अमेरिकेत मतदानाचे वय १९७१ मध्ये अठरा झाले. भारतात ते १९८९ मध्ये झाले. त्या बदलानंतर लगेचच, १९७२ मध्ये, ॲन आर्बरला विद्यार्थ्यांच्या पाठबळावर एका नव्या पक्षाचे दोन सदस्य निवडून आले होते. आजची स्थिती निराळी आहे. शहरात एकाच पक्षाचे प्राबल्य असल्यामुळे खरी लढत नोव्हेंबरात न होता ऑगस्टमधील पक्षांतर्गत निवडणुकीत होते, आणि ऑगस्टमध्ये विद्यार्थी सुट्टीवर असतात. २०१६ मध्ये मतदारांनी सदस्यांची मुदत दोनाऐवजी चार वर्षांची केली व निवडणुका सम वर्षांत नेल्या. नोव्हेंबरातील मतदान त्यामुळे वाढले, पण ऑगस्टची अडचण तशीच राहिली. निवडणुका पक्षविरहित करून निर्णय नोव्हेंबरवर न्यावा, अशी सूचना २०२४ मध्ये मतदानाला आली आणि ती फेटाळली गेली. विद्यार्थी थेट मिळकतकर भरत नाहीत, मग त्यांनी करावर मत का द्यावे, असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. घरमालक आपला कर भाड्यातूनच वसूल करतो, याचा त्यात विसर पडलेला दिसतो.

शहराच्या मध्यभागी, ग्रंथालयाशेजारी, नगरपरिषदेच्या मालकीची एक जागा आहे. तिच्याखाली २०१२ मध्ये भूमिगत वाहनतळ सुरू झाला. वरची जागा एका विकासकाला विकून तेथे सतरा मजली इमारत उभारण्याचे ठरत होते. पण २०१८ मध्ये मतदारांनी सनदेत दुरुस्ती करून ती उद्यानासाठी व नागरिकांच्या सामायिक वापरासाठी राखून ठेवली. पुढील सात वर्षांत तेथे उद्यान काही झाले नाही. अखेर ती दुरुस्ती रद्द करावी आणि नवे ग्रंथालय व घरे यांसाठी जागा जिल्हा ग्रंथालयाकडे द्यावी, असे दोन प्रस्ताव पुन्हा मतदारांपुढे ठेवण्यात आले. दोन्ही मंजूर झाले. मतदानाचा दिवस होता ५ ऑगस्ट २०२५. जुने भाडेकरार संपत आलेले, नवे अद्याप सुरू व्हावयाचे, आणि विद्यापीठाभोवतीची बरीच घरे रिकामी.