आकाशातला पंप, जमिनीवरचा करार

टँकर विमान मागे लांब नळी सोडतं. तिच्या टोकाशी टोपलीसारखं तोंड असतं. लढाऊ विमानाचा वैमानिक आपली इंधननळी त्यात अलगद अडकवतो आणि उडता उडताच टाकी भरतो.

ही विमानं विकत न घेता खासगी कंपनीकडून सेवा घ्यायची, असं ब्रिटनने ठरवलं. २००४ मध्ये ‘एअरटँकर’ समूहाची निवड झाली. १४ विमानांच्या २७ वर्षांच्या करारावर सह्या झाल्या थेट मार्च २००८ मध्ये. जोखीम कोणाची आणि कर्ज कसं उभारायचं, हे प्रश्न अशा करारांत वेळ खातात. तोवर १९६० च्या दशकातली व्हीसी-१० विमानं टँकर म्हणून राबत राहिली. ती २०१३ मध्ये निवृत्त झाली. जोखीम कागदावर वाटता येते, विमानाचं वय मात्र थांबत नाही.